पर्शराम साळिंदराला पटलं, त्याची गोष्ट

मुलांनो, मोबाइल जरा उपडे ठेवा आणि ऐका.

एका जंगलात एक पाणवठा होता आणि एक ग्रुप होता. पाणवठ्यातलं पाणी दर उन्हाळ्यात कमी होत होतं. ग्रुपवरचे मेसेज दर उन्हाळ्यात वाढत होते.

प्राण्यांकडे मोबाइल कुठून आले, असं तुम्ही विचाराल. सहलीला येणारी माणसं झाडाखाली काय काय विसरून जातात, ते तुम्हाला माहीत नाही. चार्जिंगचं म्हणाल, तर जंगलाच्या कडेला एक सौरदिवा होता. त्याच्याखाली सकाळपासून रांग लागायची. रांगेत हरणाच्या मागे बिबट्या उभा असायचा आणि दोघंही मान खाली घालून टाइप करत असायचे. एवढी शांतता त्या जंगलानं पूर्वी कधी पाहिली नव्हती.

ग्रुपचं नाव होतं 'आपलं जंगल, आपली माणसं'. त्यात माणूस एकही नाही, हे तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पाणी कमी होतंय, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण एकमतावर ग्रुप चालत नाही. म्हणून जंगलात दोन पक्ष झाले. एक खोदा पक्ष. त्यांचं म्हणणं, जुना पाणवठा सोडा, टेकडीच्या पायथ्याशी नवा खोदा. दुसरा उपसा पक्ष. त्यांचं म्हणणं, नवं काही नको, जुन्यातलाच गाळ उपसा.

तीन वर्षांत खोदा पक्षानं एक खड्डा खोदला नाही. उपसा पक्षानं ओंजळभर गाळ उपसला नाही. दोघांनाही आधी समोरच्याला गप्प करायचं होतं आणि मग कामाला लागायचं होतं.

खोदा पक्षाचे पुढारी होते बलवंतराव रानडुक्कर. उपसा पक्षाच्या पुढारी होत्या चंद्रकलाताई लांडोर. आणि ग्रुपचा अॅडमिन होता शुभ्रकांत नावाचा बगळा. बगळा कुठल्याच पक्षात नव्हता. तो दोन्ही पक्षांच्या मधोमध, एका पायावर उभा असायचा.

एकदा चितळांनी तक्रार केली की ग्रुपवर फार शिवीगाळ होते, घरात पाडसं असतात, त्यांच्या डोळ्यांपुढे हे येतं. बगळ्यानं डोळे मिटून विचार केला आणि नियम काढला. यापुढे प्रत्येक मेसेज 'आदरपूर्वक' या शब्दानं सुरू करावा.

दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू झाला.

"आदरपूर्वक, आपण गाढव आहात."

"आदरपूर्वक, आपले तीर्थरूपही गाढवच होते."

जंगलात खरं गाढव एकही नव्हतं, त्यामुळे हरकत कुणी घेतली नाही. बगळा म्हणाला, "भाषेत पुष्कळ सुधारणा आहे."

मग त्यानं दुसरा नियम काढला. चर्चेला सर्वांनी मोकळ्या मनानं यावं. प्राण्यांनी तो वाचला आणि त्यांना फार बरं वाटलं. त्यांना वाटलं, मन मोकळं करायला सांगितलंय. त्या एका दुपारी चारशे मेसेज आले. एका मुंगसानं तर आपल्या पणजोबांपासूनचं सगळं बाहेर काढलं.

एक तरस होता. तो काही लिहायचा नाही. प्रत्येक मेसेजखाली हसणारा चेहरा टाकायचा. कुणाच्या निधनाची बातमी असली तरी तोच चेहरा. कुणी रागावलं तर म्हणायचा, "माझं तोंडच तसं आहे."

तर अशा त्या ग्रुपवर पर्शराम नावाचा एक साळिंदर होता. खोदा पक्षाचा सगळ्यात तयारीचा लेखक. त्याची पोस्ट आली की उपसा पक्षातल्या चार-पाच जणांना आठवडाभर नीट बसता येत नसे. शिव्या तो कधी देत नसे. त्याला गरजच नव्हती. तो मुद्दे काढायचा आणि एकेक मुद्दा काट्यासारखा रुतवायचा. बलवंतराव त्याला म्हणायचे, "पर्शराम, तू लिहीत राहा. वाचायचं आमच्यावर सोड." वाचत मात्र ते नसत. लांबी बघून अंगठा देत.

पर्शराम बिळाच्या तोंडाशी बसून दिवसभर लिहायचा. कंद उकरून खायचा. कंदात पाणी असतं, त्यामुळे पाणवठ्यावर जायची वेळ त्याच्यावर फारशी येत नसे.

एके दिवशी त्यानं पाणवठ्याबद्दल बावीस मुद्द्यांची पोस्ट टाकली. खाली अंगठ्यांचा ढीग पडला. तरसानं आपला चेहरा टाकला. मग उपसा पक्षाकडून एक मेसेज आला. गिरिजाबाई घोरपडीचा.

गिरिजाबाई फार लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, "आदरपूर्वक. पर्शरामभाऊ, तुम्ही छान लिहिता. बावीसही मुद्दे वाचले. एक विचारायचं होतं. पाणवठ्यावर तुम्ही शेवटचे कधी गेला होता?"

पर्शरामनं उत्तर लिहायला घेतलं. खोचक लिहिलं, खोडलं. विद्वत्तेचं लिहिलं, तेही खोडलं. मग त्याला आठवेना की आपण खरंच कधी गेलो होतो. मागच्या पावसाळ्याच्या आधी असेल. किंवा त्याच्याही आधीच्या.

त्याच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. साळिंदराला राग आला की काटे उभे राहतात आणि लाज वाटली तरीही उभे राहतात. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पर्शरामला स्वतःलाही तो नेहमी कळत नसे. या वेळी त्यानं राग आहे असं धरलं आणि ठरवलं, उद्या पाणवठ्यावर जायचं, आटलेल्या चिखलाचे चार फोटो काढायचे आणि या बाईंना कायमचं गप्प करायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पाणवठ्यावर पोचला. काठाला भेगा पडल्या होत्या. मधोमध चिखल आणि त्यावर परातभर हिरवं पाणी. आणि त्या चिखलात कमरेपर्यंत बुडून गिरिजाबाई काहीतरी करत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "जपून. उजव्या बाजूनं या, डावीकडे पाय रुततो."

"मी फोटो काढायला आलोय," पर्शराम म्हणाला.

"काढा की. माझा पण येईल का त्यात?"

पर्शरामनं फोन खाली घेतला. ग्रुपवर त्याला कुणी असं बोललं नव्हतं.

"तुम्ही काय करताय?" त्यानं विचारलं.

"गाळ किती आहे ते बघतेय. शेपटी घालून. इथं अर्ध्या शेपटीएवढा गाळ आहे. त्याच्याखाली माझी शेपटी गार पडते. तुमचा एखादा काटा द्या, लांब आहेत तुमचे."

पर्शरामनं एक गळायला आलेला काटा उपटून दिला. गिरिजाबाईंनी तो चिखलात पार आत खुपसला, थोडा वेळ तसाच धरला आणि बाहेर काढला. वरचा भाग चिखलानं माखला होता. टोकाकडचा चार बोटं भाग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

पर्शरामनं लावला. टोक गार होतं. झरा जिवंत होता. वरून गाळ बसला होता, एवढंच.

"पण टेकडीच्या पायथ्याला जमीन मऊ आहे," पर्शराम म्हणाला. तो त्याचा सातवा मुद्दा होता.

"वरून मऊ आहे. दोन हात खाली काळा कातळ लागतो. मी मागच्या आठवड्यात खणून बघितलं. ही बघा नखं." त्यांची तीन नखं तुटलेली होती.

"तुम्ही कशाला खणलंत? तुम्ही तर उपसा पक्षाच्या."

"तुम्ही इतकं लिहीत होता, मला वाटलं खरं असेल," गिरिजाबाई म्हणाल्या. "म्हणून बघून आले."

पर्शराम टेकडीकडे गेला. खड्डा होता. खड्ड्याच्या तळाशी कातळ होता. त्यानं कातळाला नखं लावली, मग दात लावले. कातळ कातळच राहिला. तीन वर्षं तो जिच्याबद्दल लिहीत होता, ती जागा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. तो खड्ड्याच्या काठावर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिला.

मुलांनो, इथपर्यंत पर्शरामचं काही बिघडलं नव्हतं. तो गप्प घरी गेला असता तर सुखात राहिला असता. पण तो प्रामाणिक होता. त्यानं तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं.

"आदरपूर्वक. मी आज दोन्ही जागा पाहिल्या. गिरिजाबाईंचं बरोबर आहे. माझं चुकलं."

ग्रुप थांबला. तीन वर्षांत पहिल्यांदा थांबला. सौरदिव्याखालच्या रांगेत प्राणी एकमेकांची तोंडं बघू लागले. कुणाला वाटलं रेंज गेली. तरसाचं बोट चेहऱ्यावर अडकून राहिलं. त्याला पहिल्यांदाच कळेना, हसायचं की नाही.

मग बलवंतरावांनी लिहिलं, "आदरपूर्वक, सावध राहा. पर्शरामचा फोन चोरीला गेला आहे. कुणीतरी त्याच्या नावानं लिहितंय."

पर्शरामनं लिहिलं, "फोन माझ्याकडेच आहे."

"चोरही असंच लिहील," बलवंतराव म्हणाले.

पर्शरामनं स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. दहा जणांनी तो ऐकून सांगितलं की आवाज हुबेहूब आहे, त्याअर्थी बनावट आहे. शेवटी पर्शराम प्रत्यक्ष रांगेपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मीच लिहिलं. मला पटलं."

"पटलं म्हणजे?" एका रानमांजरानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणजे आधी मला वेगळं वाटत होतं. आता त्यांच्यासारखं वाटतं."

"असं आपोआप होतं का?"

"बघून आल्यावर झालं."

रानमांजर दोन पावलं मागे सरकलं. लागण होणारं असलं तर काय घ्या.

संध्याकाळपर्यंत खोदा पक्षानं पर्शरामला गद्दार ठरवलं. त्याच्या तीन वर्षांच्या पोस्टी शोधून काढल्या आणि पक्षात त्या पहिल्यांदाच कुणीतरी वाचल्या. कुणी म्हणालं, गिरिजाबाईंनी त्याला रताळ्याचा वाफा कबूल केलाय. कुणी म्हणालं, साळिंदर मुळात या जंगलातलंच नाही.

पर्शरामला वाटलं, निदान उपसा पक्ष तरी आपलं म्हणेल. चंद्रकलाताईंचा मेसेज आला. "आदरपूर्वक, अशा उशिरा उमजलेल्यांची आम्हाला गरज नाही. यायचंच असेल तर आधी गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक पोस्टबद्दल वेगवेगळी माफी मागावी."

खरी फजिती मात्र गिरिजाबाईंची झाली. त्यांच्याच पक्षातले त्यांच्यावर उलटले. एका कोल्ह्यानं लिहिलं, "आदरपूर्वक, बाईंनी त्याला पटवलंच कशाला? तो होता म्हणून आपल्याला उत्तर द्यायला काहीतरी होतं. आता आपण बोलायचं कुणाशी?" या मेसेजला दोन्ही पक्षांकडून अंगठे आले. तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पक्षांना एकच मेसेज पटला.

बगळ्यानं सुनावणी ठेवली. पर्शराम आणि गिरिजाबाई त्याच्यापुढे उभे राहिले.

"तुम्ही यांना शिवी दिलीत का?" बगळ्यानं गिरिजाबाईंना विचारलं.

"नाही."

"दिली असतीत तर नियमात बसवता आलं असतं," बगळा खेदानं म्हणाला. मग तो पर्शरामकडे वळला. "आणि तुम्ही. मोकळ्या मनानं या, असं आम्ही म्हटलं. हे खरं. पण याचा अर्थ मनात कुणीही शिरावं असा होत नाही."

"मग मोकळं कशाला ठेवायचं?" पर्शरामनं विचारलं.

बगळ्यानं पाय बदलला. त्याला फार अवघड वाटलं की तो पाय बदलत असे. "मत बदलण्याबद्दल आपल्याकडे नियम नाही," तो म्हणाला. "म्हणजे ते नियमाबाहेरचं आहे. तुमच्यामुळे चर्चेचं वातावरण गढूळ झालंय. मी अत्यंत आदरपूर्वक तुम्हा दोघांना काढतो."

आणि त्यानं काढलं.

पर्शराम घरी गेला. पहिले दोन दिवस त्याला करमेना. पाचोळा वाजला तरी त्याला मेसेज आल्यासारखं वाटे. मनात मुद्दे येत आणि कुठं टाकावे कळत नसे. त्यानं एकदा ते बिळापुढच्या वारुळाला ऐकवले. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि पाणवठ्यावर गेला. गिरिजाबाई तिथं होत्याच. त्यांनाही काढलं होतं आणि त्यांनाही करमत नव्हतं.

"कुठून सुरुवात करायची?" पर्शरामनं विचारलं.

"तुम्ही सांगा. खोदायचं तुम्हाला जास्त कळतं."

दोघं गाळ काढू लागले. पर्शराम उकरायचा, गिरिजाबाई शेपटीनं काठावर लोटायच्या. वाद होतच होते. गाळ पूर्वेला टाकायचा की पश्चिमेला, यावर सकाळ गेली. पण बोलताना दोघांचे हात चालू होते, त्यामुळे वाद संपला तेव्हा गुडघाभर खड्डा झाला होता.

पाचव्या दिवशी सकाळी भिकूतात्या पाणी प्यायला आले. भिकूतात्या म्हणजे जंगलातलं सगळ्यात म्हातारं भेकर. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि दिसायचंही कमी. ते डाव्या बाजूनं उतरले. चार पावलांत पोटापर्यंत रुतले. सुटायला धडपडले तसे आणखी खाली गेले.

भेकराचं ओरडणं लांबवर जातं. बघता बघता काठावर सगळं जंगल जमलं. सगळ्यांनी फोटो काढले. खोदा पक्षानं लिहिलं, "बघा जुन्या पाणवठ्याचे बळी." उपसा पक्षानं लिहिलं, "गाळ न उपसल्याचा परिणाम पाहा." बगळ्यानं लिहिलं, "या दुःखद प्रसंगी कृपया भाषेचं भान ठेवावं." भिकूतात्या अजून जिवंत होते आणि चिखल त्यांच्या छातीला लागला होता.

गिरिजाबाईंनी काठावरच्या दगडात चारही पंजे रोवले आणि शेपटी तात्यांकडे सोडली. एकदा धरलं की घोरपड सोडत नाही, हे सगळ्या मुलखाला माहीत आहे. तात्यांनी शेपटी दातात धरली. पर्शराम त्यांच्या पोटाखालचा चिखल उकरू लागला. पण उकरावं तेवढा पुन्हा भरत होता. दोघांच्या बळाचं ते काम नव्हतं.

पर्शरामनं वर पाहिलं. "बलवंतराव, खाली या. तुमच्या एका धडकेचं काम आहे."

बलवंतराव काठावर घुटमळले. मनात आणलं असतं तर त्यांना ते सहज जमलं असतं. "यायला माझी ना नाही," ते हळूच म्हणाले. "पण मी जर इथं गाळ काढला, तर त्याचा अर्थ काय निघेल? सगळे फोटो काढतायत."

चिखल तात्यांच्या मानेशी आला. त्यांनी ओरडणं थांबवलं होतं. तोंडात शेपटी होती, ती ते सोडत नव्हते.

दगडाला चिकटल्या चिकटल्या गिरिजाबाई म्हणाल्या, "बलवंतराव, गाळ काढू नका. तुम्ही नवा खड्डा खोदा. जागा तेवढी तात्यांच्या शेजारची धरा."

बलवंतरावांनी यावर विचार केला. त्यात त्यांना तत्त्वाला बाधा येईल असं काही दिसेना. "असं म्हणता," ते म्हणाले आणि उतरले.

मग मात्र त्यांनी मागे पाहिलं नाही. सुळे चिखलात घातले आणि मान झटकली. ढिगारेच्या ढिगारे काठावर पडू लागले. काही फोटो काढणाऱ्यांवर पडले. रानडुक्कर उतरलं हे पाहून उपसा पक्षाच्या चार जणांना राहवेना. खोदा पक्षानं सगळं श्रेय घेतलं तर काय, म्हणून तेही उतरले. तासाभरात तात्या मोकळे झाले. बाहेर आल्यावर त्यांनी गिरिजाबाईंची शेपटी सोडली आणि पहिलं वाक्य बोलले.

"पाणी कुठाय? मी प्यायला आलो होतो."

आणि खरोखर, जिथून तात्या निघाले होते तिथं तळातून बुडबुडे येत होते. आधी गढूळ, मग पांढरट, मग स्वच्छ. दुपारपर्यंत पाणवठा हरणाच्या पोटाला लागेल इतका भरला.

त्या दिवशी ग्रुपवर सातशे मेसेज आले. खोदा पक्षानं सिद्ध केलं की पाणी खोदण्यामुळे लागलं. उपसा पक्षानं सिद्ध केलं की पाणी उपसण्यामुळे लागलं. चंद्रकलाताईंनी पाण्यात पडलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबाचा फोटो टाकला. बलवंतरावांनी आपल्या चिखलानं माखलेल्या सुळ्यांचा टाकला. दोन्ही फोटोंखाली तरसाचा चेहरा होता. भाषेचा दर्जा पुन्हा घसरला, तेव्हा बगळ्यानं आणखी एक नियम काढला. मेसेजच्या शेवटीही 'आदरपूर्वक' लिहावं.

पर्शराम आणि गिरिजाबाईंना परत घ्यावं, असं एका चितळानं सुचवलं. त्याला विचारलं गेलं, तुझा कल नक्की कुणाकडे आहे. त्यानं सूचना मागे घेतली.

पावसाळ्याआधी काठ बांधायला हवा होता. पर्शराम म्हणाला, दगड लावू. गिरिजाबाई म्हणाल्या, वाळा लावू, त्याची मुळं माती धरतात. तीन दिवस भांडण झालं. शेवटी अर्ध्या काठाला दगड लावला आणि अर्ध्याला वाळा. दोन मोठे पाऊस झाल्यावर गिरिजाबाई पर्शरामच्या बिळापाशी आल्या.

"तुमचा दगड बरा," त्या म्हणाल्या. "माझा वाळा मुळं धरायच्या आतच वाहून गेला."

पर्शरामला इतका आनंद झाला की त्याचे काटे खुळखुळ वाजले. त्याला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. पण त्याच्याकडे ग्रुप नव्हता. मग तो बाईंना म्हणाला, "चला, उरलेल्या काठाला दगड लावून टाकू," आणि दोघं गेली.

पाणवठ्यावर गर्दी होती. प्राणी एका रांगेत वाकून पाणी पीत होते. एक घोट घ्यायचे, तोंड पुसायचे आणि टाइप करायचे. पर्शराम दगड वाहून नेत होता, म्हणून त्याला जाता जाता एकाचा मेसेज दिसला. ते रानमांजर होतं. पोट भरून पाणी प्यायलेलं, मिशांवरून अजून थेंब पडत होते. त्यानं लिहिलं होतं, "आदरपूर्वक, या जंगलात पाणी कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं. आदरपूर्वक."

पर्शराम थांबला. त्याला वाटलं, सांगावं. मग त्याला हातातला दगड जड वाटू लागला आणि तो पुढे गेला.

तात्पर्य: मुलांनो, वादात समोरच्याचं कधीही ऐकून घेऊ नये. ऐकलं की बघून यावंसं वाटतं, बघितलं की पटतं आणि पटलं की चिखलात उतरावं लागतं. त्यापेक्षा काठावर उभं राहून आदरपूर्वक भांडावं. पाणी काय, दुसरं कुणीतरी काढतंच.